लावलेलं पिल्लू

१

गावात कुणाची गाय वासराला जवळ घेईना, कुणाची शेळी करडाला लाथा मारायला लागली, की बोलावणं सरजाबाईला यायचं. परकं पिल्लू आईला लावून द्यावं तर तिनंच, असा तिचा लौकिक. घरी तर हे रोजचंच होतं. सेलूपासून चौदा-पंधरा किलोमीटरवरचं गाव, घरकुलाच्या दोन खोल्या, मागे परस. परसात कोंबड्यांचं खुराडं आणि भिंतीला लागून सशांचे तीन पिंजरे, दोन माद्यांचे नि एक नराचा. हॅचरीतून आणलेली एका दिवसाची पिल्लं बाकीच्या बाया बल्बच्या उबेला ठेवायच्या. सरजाबाईचा बल्बवर भरवसा नव्हता, कारण वीज कधी येते नि कधी जाते हे त्या गावात कुणी सांगू शकत नव्हतं. ती आपली पिल्लं सरळ खुडूक कोंबडीच्या पोटाखाली सरकवायची.

रीत साधी होती. दिवस मावळू द्यायचा. अंधारात कोंबडीला दिसत नाही, तेव्हा एकेक पिल्लू हळूच पंखाखाली घालायचं. सकाळी उठून बघते तर सगळीच तिची. सशाचं जरा निराळं. ससाणी, म्हणजे सशाची मादी, डोळ्यांनी फसत नाही, तिचं सगळं शहाणपण नाकात. म्हणून परकं पिल्लू आधी तिच्याच घरट्यातल्या केसांत चांगलं घोळायचं, तिच्या नाकाला चिमूटभर बाम लावायचा आणि मग पिल्लू आत सोडायचं. बामाचा वास जाईपर्यंत सगळ्या पिल्लांना एकच वास लागलेला असतो. मग आपलं कोणतं आणि आणलेलं कोणतं, हे तिलाही कळत नाही.

"एकदा पोटाशी घेतलं की मग सोडत न्हाई," सरजाबाई सांगायची. "पहिली घटका लय महत्त्वाची."

या जानेवारीत मात्र तिचं अर्धं ध्यान परसात आणि अर्धं आतल्या खोलीत असायचं. एकुलती एक लेक सुकेशनी पहिल्या बाळंतपणाला आली होती आणि पाच आठवडे आधीच मोकळी झाली. पोर पावणेदोन किलोची. दहा दिवस परभणीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत काढून ती घरी आली, त्याला आता चार दिवस झाले होते. जावई पुण्याला कंपनीत. सरजाबाईचा नवरा सूर्यभान सकाळी सातला मोटारसायकलवर सेलूच्या जिनिंगवर कामाला जायचा, तो रात्री आठला परत. म्हणजे दिवसभर घरात तिघीच.

थंडी तर अशी, की सकाळी पिंजऱ्यांवरच्या पोत्यांना हात लावला तर ओली लागायची. खोलीत शेगडी, खिडकीला गोधडी, झोळीत पोर. झोळी म्हणजे सुकेशनीचीच जुनी साडी, छताच्या कडीला बांधलेली. त्या साडीच्या खोलात पोर दिसायचीसुद्धा नाही. नुसता आवाज यायचा, मांजराच्या पिल्लासारखा बारीक.

पोर ओढून प्यायची नाही, आणि सुकेशनीला पान्हा फुटत नव्हता. सरजाबाई चमच्यानं डब्याचं दूध घालायची, तेवढ्यावर चाललं होतं. पण सरजाबाईला खरी भीती वेगळीच होती. चार दिवसांत लेकीनं पोरीला आपणहून एकदाही उचललं नव्हतं.

"घे की गं जवळ. दाक्तरनी छातीशी धरायला सांगितलंय."

"धरते की माय."

धरायची. आणि छताकडे बघत बसायची. तिसऱ्या दिवशी सरजाबाईनं फार मागे लागून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माय, तिथं एका रांगीत बारा लेकरं होती. काचंतून बघायचं. नर्सबाई म्हणायच्या, तुमचं ते पाचवं. पायाला चिठ्ठी होती, नाव माझंच होतं, समदं बरोबर होतं. पर मला काहीच वाटंना गं. आतून काहीच येईना."

हे डोळे सरजाबाईनं पाहिलेले होते. करडू पायाशी लुचत असतं आणि शेळी भलतीकडे बघत उभी असते, तेच डोळे.

२

त्याच आठवड्यात दोन ससाण्या एका दिवसाच्या अंतरानं व्याल्या. पांढरीला सहा आणि भुरीला चार. ससाण्यांनी छातीचे केस उपटून पेट्यांत गाद्या केल्या होत्या आणि त्या गाद्यांच्या आत, कातडीसारखी गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं. सरजाबाई रोज सकाळी केस बाजूला सारून बघायची. पोट फुगलेलं असलं तर प्यायलंय, सुरकुतलेलं असलं तर उपाशी. इतका साधा हिशेब.

बुधवारी दिवेलागणीच्या सुमारास ती पाला टाकायला गेली, तर भुरी पिंजऱ्यात आडवी पडलेली. अंग ताठ झालेलं. कशानं गेली कळायला मार्ग नव्हता. पाल्यात काही आलं असेल, थंडी बाधली असेल. हळहळायला वेळ नव्हता, पिल्लं गार पडली असती. नेमकी तेव्हाच वीज गेलेली. अंधारातच तिनं भुरीच्या पेटीत हात घातला आणि हाताला ऊब लागत गेली तसतशी पिल्लं काढून ओच्यात टाकली. मोजली नाहीत. चार होती हे तिला ठाऊक होतं.

मग पांढरीच्या घरट्यातले केस, बामाची चिमूट, सगळं रीतसर. पांढरीनं नाक फुरफुरवलं, दोनदा शिंकली आणि गप बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केस सारून सरजाबाईनं मोजलं. अकरा.

पुन्हा मोजलं. एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत एकेक ठेवत मोजलं. अकराच.

"भुरीलाच पाच झाली असतील," शेजारची चांगुणाबाई भिंतीवरून म्हणाली. चांगुणाबाई सत्तरीची, तिचा अर्धा दिवस त्या भिंतीला टेकून जायचा. "एखादं खाली दबलं असंल केसात. तुला दिसलं नसंल."

"दोन दिस बघायले मी. चारच होती."

"मग पांढरीनं एक मागून टाकलं असंल."

"असं कुटं असतंय का चांगुणामाय? चार दिसांनी?"

"मग काय आभाळातून पडलं?" चांगुणाबाई हसली. "जास्तीचं झालं तर रडायलीस व्हय? लोकाची मरतात म्हणून रडतात लोक."

हे खरंच होतं. सरजाबाईही हसली. पण ती पिल्लं परत पेटीत ठेवताना तिनं एकेकाला उजेडात धरून पाहिलं. सगळी सारखी. कुठलंही वेगळं नव्हतं, कुठल्याही पिल्लात खोड नव्हती. एखादं आंधळं, वाकडं, काळं निघालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. सगळ्यांचीच पोटं मात्र सुरकुतलेली होती. एक सोडून. ते एक टम्म फुगलेलं होतं.

३

अंगारे-धुपारे सरजाबाईच्या सासऱ्यानं फार पूर्वीच घराबाहेर काढले होते. ती दर रविवारी विहारात जाणारी, शिकल्यासवरलेल्यांची भाषणं मांडी घालून शेवटपर्यंत ऐकणारी बाई. कुणाच्या अंगात आलं की ती तोंडावर विचारायची, "जेवण झालं का तुमचं सकाळपासून?" तेव्हा एका सशाच्या पिल्लापायी आपण जीव खालीवर करतोय, याची तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली.

म्हणून तिनं डोकं चालवलं. सुकेशनीच्या पर्समधून लाल नेलपॉलिश घेतलं आणि टम्म पोटाच्या त्या पिल्लाच्या कानावर एक ठिपका दिला. बाकी दहांना काही नाही. आता बघू.

शुक्रवारी सकाळी ठिपक्याचं पिल्लू सुरकुतलेल्या पोटानं कोपऱ्यात थरथरत होतं. टम्म फुगलेलं होतं ते भलतंच, त्याच्या कानावर काहीच नव्हतं. मग ते फुगलेलं सोडून तिनं बाकी सगळ्यांना ठिपके दिले. शनिवारी दोन पिल्लं मरून पडलेली. दोघांच्या कानांवर लाल ठिपके. तिनं ती कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरली, हात धुतले आणि पुन्हा पेटीशी येऊन बसली. नऊ राहायला हवी होती, त्यांतलं एक बिनठिपक्याचं.

नऊच होती. पण नऊही कानांवर लाल ठिपके.

सूर्यभान रात्री जेवायला बसला तेव्हा तिनं त्याला हे सांगितलं. त्यानं भाकरी मोडत ऐकून घेतलं.

"तू रात्री झोपायलीस का?"

"झोपते की."

"झूट बोलू नको. पोरगी रडली की तू उठायलीस, रडली न्हाई तरी उठायलीस. डोकं कामातून जाईल असं. ससे गेले तर जाऊ दी. तू पोरीकडं बघ."

"पोरीकडंच बघायले," ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की हे बोलताना आपलं तोंड परसाच्या दाराकडे आहे.

बाहेर सशानं पाय आपटला. ठप्. ससा मुका असतो, काही दिसलं-ऐकलं की मागचा पाय फळीवर आपटतो, तेवढीच त्याची बोली. मांजर आलं असेल. ठप्. पुन्हा एकदा. मग दोन्ही भरल्या पिंजऱ्यांतून एकदमच, आणि मग काहीच नाही. मांजर असतं तर खुराड्यात कोंबड्यांनीही कलकलाट केला असता.

४

रविवारी सकाळी पांढरीनं सगळी पिल्लं पेटीबाहेर काढून टाकली होती. जाळीवर, उघड्यावर, इकडे तिकडे. सहा गार पडलेली, दोन धुगधुगत होती. म्हणजे आठ, मूळच्या दहांतली उरलेली. हिशेब बरोबर जुळला. जास्तीचं ते कुठंच नव्हतं.

सरजाबाईनं ती दोन पिल्लं पदरात धरून ऊब दिली आणि पांढरीपुढे ठेवली. पांढरीनं हुंगलंही नाही. ती रिकाम्या पेटीत शिरायची, केस उकरायची, बाहेर यायची, पुन्हा शिरायची. काहीतरी शोधत होती. पोटाशी लुचायला आलेल्या स्वतःच्या पिल्लाला तिनं पुढच्या पायांनी दूर लोटलं. रागानं नाही. वाटेतली काडी बाजूला करावी, तसं.

"बामानं झालं असंल," चांगुणाबाई म्हणाली. "लय लावलास का?"

"नेहमीइतकाच."

"मग थंडीनं. थंडीत जनावर बिथरतंय."

बामानं, थंडीनं, पाल्यानं. सरजाबाईनं यातलं प्रत्येक कारण मनाशी घट्ट धरून पाहिलं. एकेक करून सगळी पटत होती. फक्त ती सगळी एकत्र ठेवली की मधे एक जागा रिकामी राहत होती.

तिसऱ्या प्रहरी ती कोंबड्यांना कण्या टाकायला गेली. काळी कोंबडी डालग्याखाली पिल्लं घेऊन बसली होती. तिची स्वतःची सात आणि गेल्या आठवड्यात सरजाबाईनं लावलेली हॅचरीची आठ. पंधरा पिल्लं कण्यांवर तुटून पडली. सरजाबाईला सवयच होती, तिचे डोळे आपोआप मोजत गेले.

सोळा.

कण्यांची वाटी तिच्या हातातून खाली पडली. पिल्लं बुजली आणि पंखाखाली पळाली. एक पळालं नाही. ते गर्दीत होतं तोवर त्याचं वेगळेपण कळलं नव्हतं, आणि आता ती पुढे वाकेपर्यंत तेही सावकाश चालत गेलं आणि काळीच्या पिसांत शिरलं. घाबरलेलं पिल्लू चालत जात नाही.

५

सोमवारी काळी उभी राहिली.

म्हणजे बसलेलीच, पण उभी. कोंबडी पिल्लांवर बसते तेव्हा तिचं पोट जमिनीला टेकलेलं असतं आणि पंख बाजूला सैल सोडलेले. काळीचं पोट जमिनीपासून चांगलं वीतभर वर होतं आणि पंख होते तेवढे पसरलेले. भर दुपारचं ऊन पडलं होतं. खाली काय आहे ते दिसत नव्हतं, कारण पिसं पार जमिनीला लागली होती. आणि तिची पंधरा पिल्लं बाहेर होती. डालग्याच्या काठाशी एकमेकांना चिकटून, चूं चूं करत. एखादं जवळ गेलं की काळी टोचून त्याला हाकलत होती.

सरजाबाईनं पिल्लं मोजली. तीनदा मोजली. पंधरा बाहेर होती.

तिथून उठून घरात जावं, दार लावून घ्यावं, असं तिला फार वाटलं. पण चाळीस वर्षं तिनं आंधळेपणानं घरट्यांत हात घातले होते, त्या हाताला त्याची सवय झालेली. ती गुडघ्यावर बसली, काळीला बोलत बोलत तिनं उजवा हात पिसांखाली सरकवला.

ऊब होती. कोंबडीखाली असते त्यापेक्षा जास्त. हात मनगटापर्यंत गेला, मग कोपरापर्यंत गेला, तरी काळीचं पोट हाताला लागलं नाही. मग काहीतरी मऊ तिच्या तळहातात येऊन टेकलं. पिसं नव्हती. केस नव्हते. ते तळहातात नुसतं टेकलं, आणि मग तिच्या अंगठ्याशी हळूच लुचायला लागलं.

तिनं हात ओढून घेतला. काळीनं एकदम डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं आणि पंख आणखी खाली पाडले.

न्हाणीत जाऊन तिनं साबणानं हात घासघासून धुतला. अंगठा कोरडाच होता, कुठं ओरखडा नाही, काही नाही. कोंबडीचं अंग गरम असतं, आपला हात गार होता, म्हणून तसं वाटलं. मांजराचं पिल्लू शिरलं असेल खाली. ती स्वतःला हे मोठ्यानं सांगत होती, आणि आतून सुकेशनीनं विचारलं, "कुणाशी बोलायलीस माय?"

चार वाजता सरकारी दवाखान्याची आशाताई, राजेश्री, वजनकाटा घेऊन आली. तिनं पोरीला कापडात तोलून पाहिलं, वहीत आकडा लिहिला आणि सरजाबाईला ओसरीत बोलावून घेतलं.

"साठ ग्राम कमी भरली मावशी. वाढायला पायजे होती. दूध पिळून वाटीचमच्यानं पाजायलात का?"

"असंल तर पिळावं बाई. थेंब न्हाई तिला."

"ती पोरीला घेतच न्हाई तर दूध कसं यील? बुधवारच्याला मी परत येते. तवा जर वाढली न्हाई तर परभणीला न्यावंच लागंल. वेळ न्हाई मावशी, खरं सांगते."

राजेश्री गेल्यावर सरजाबाई ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली. नात जगेल का, एवढा एकच प्रश्न तिच्यापुढे होता. ससे आणि कोंबड्या गेल्या खड्ड्यात. पुन्हा काचेची पेटी, पुन्हा रांग, आणि मग ही लेक त्या लेकराकडे कधीच वळणार नाही.

आणि वळवायचं कसं, हे या गावात तिच्याशिवाय कुणाला माहीत होतं?

६

मंगळवारी सकाळी काळी रिकामी बसली होती. पोट जमिनीला टेकलेलं, डोळे भिंतीकडे. पिल्लं पंधरा. पण तिनं एकालाही पंखाखाली घेतलं नव्हतं. दोन मेलेली होती.

सरजाबाईनं डालगं उचलून पाहिलं. खुराड्याचा कोपरान् कोपरा झाडला. भुरीचा रिकामा पिंजरा, पोत्यांखाली, सरपणाच्या ढिगात, कुठेच काही नव्हतं. गेलं असेल, तिनं ठरवलं. जे काय होतं ते, मांजर म्हणा, मुंगूस म्हणा, गेलं. परसाचं दार तिनं ओढून घेतलं आणि कडी घातली. कडी तिनं दोनदा ओढून पाहिली.

मग ती कामाला लागली. दोन दिवस तिनं सुकेशनीचं अंगातलं झंपर बदलू दिलं नव्हतं. "थंडीत सारखं काय बदलतीस," म्हणाली होती. आता ते काढून घेतलं आणि घडी करून उशाशी ठेवलं. त्याला घामाचा, शेगडीच्या धुराचा, ओव्याचा वास होता. सुकेशनीचाच वास. पोरीला तिनं नुसत्या कोमट पाण्यानं पुसून काढलं. साबण नाही, पावडर नाही. दवाखान्याचा वास जायला हवा होता.

"डोकं दुखायलंय का गं?"

"जरासं."

"थांब, बाम लावते."

कपाळावर लावता लावता तिनं लेकीच्या नाकाखाली एक बोट ओढलं. सुकेशनीनं तोंड वाकडं केलं. "लय झोंबायलंय माय."

"झोंबू दी. बरं वाटंल."

लेकीला आपण ससाणीसारखं फसवतोय, या विचारानं तिला लाज वाटली. पण लाज धरायची ही वेळ नव्हती. तिनं पोरीला झोळीत ठेवलं आणि शेगडीपाशी बसून दिवस मावळायची वाट पाहायला लागली.

साडेसहाला वीज गेली. कुणी दुसरी बाई असती तर बॅटरी शोधली असती. सरजाबाईनं उलट शेगडीवर झाकण ठेवलं. खोली काळीभोर झाली. सुकेशनीचा श्वास तेवढा ऐकू येत होता आणि कडीला झोळीची कुरकुर.

"माय, दिवा लाव ना."

"नको. डोळे मीट. काही बोलू नको. पडून ऱ्हा."

तिनं झोळीत हात घातला. साडीच्या खोलात, दुपट्यांच्या मधे, ऊब हाताला लागली तशी तिनं पोर उचलून घेतली. जड लागली. दिवसभराच्या काळजीनंतर तिला त्याचा फार आनंद झाला. भरली की जराशी, तिनं मनाशी म्हटलं, राजेश्रीचा काटाच खोटा. झंपरात तिला नखशिखांत घोळलं, पाठ, पोट, डोकं, पाय. मग अंधारात चाचपत पलंगापाशी गेली आणि ते ऊबदार गाठोडं लेकीच्या उघड्या छातीवर ठेवलं.

काहीच झालं नाही. सरजाबाई पलंगाशीच थांबली. पहिली घटका.

मग आवाज आला. चुक्. चुक्. चुक्. घट्ट, जोरकस ओढ.

"माय," सुकेशनी म्हणाली. "माय गं. आलं. दूध आलं."

सरजाबाई खाली फरशीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. तिनं कितीदा तरी हे केलं होतं, पण कधी रडली नव्हती. वर पलंगावर तिची लेक हसत होती, काहीतरी पुटपुटत होती. माझं बाळ, माझं सोनं, असलं काही. जवळजवळ तीन आठवड्यांत तिच्या तोंडून हे शब्द पहिल्यांदा निघत होते. परसात सशांनी पाय आपटायला सुरुवात केली. ठप्, ठप्, ठप्. थांबेचनात. सरजाबाईला ते ऐकू येत होतं, पण त्या क्षणी तिला त्याचं काहीही वाटलं नाही.

७

वीज आली.

बल्बच्या उजेडात सुकेशनी कुशीवर वळून पडलेली, तोंड भिंतीकडे, पदर छातीवरून पुढे ओढलेला. तिचा हात पदराखालच्या डोक्यावर सावकाश फिरत होता. पदराच्या काठातून एक पाय बाहेर आलेला होता. टाच दिसत होती. गोल, भरलेली, गुबगुबीत टाच. पायाच्या घोट्याला वळी पडली होती.

सरजाबाई त्या टाचेकडे बघत राहिली. दुपारीच तिनं पोरीचे पाय पुसले होते. काड्या होत्या त्या.

मागे कडी कुरकुरली. झोळी हलत होती. आणि झोळीच्या खोलातून आवाज आला, मांजराच्या पिल्लासारखा, बारीक, थकलेला.

पदराखालची चुकचुक थांबली. कुणी कान देऊन ऐकावं तितका वेळ थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

सरजाबाई कशी उठली, तिचं तिला कळलं नाही. तिनं झोळीत दोन्ही हात घातले आणि पोरीला बाहेर काढलं. चिमणीएवढी, हलकी, ओठ सुकलेले, मूठ तोंडाशी. तिला घेऊन ती पलंगापाशी गेली. पदर ओढून काढायचा होता तिला. खाली काय आहे ते बघायचं होतं आणि बघायचं नव्हतं. तिचा हात पदरापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"सुकेशनी," ती म्हणाली. "बाई, इकडं बघ. तोंड फिरव. ही बघ."

सुकेशनीनं मान वळवली. तिचा चेहरा टवटवीत झाला होता, गालांवर रंग आला होता. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली होती तेव्हा अशी दिसायची. तिनं आईच्या हातातल्या लेकराकडे पाहिलं. नीट, मायेनं पाहिलं. तिची पोर ओठ उघडून तिच्याकडे तोंड करत होती. सुकेशनीनं एक हात पुढे केला, आणि लेकराचं डोकं छातीशी येत होतं, ते हळूच बाजूला सारलं.

"जपून माय, माझ्या बाळाला लागंल," ती म्हणाली. मग तिला कीव आली. "किती बारीक हाय गं हे. कुणाचं आणलंस? उपाशी दिसतंय बिचारं. हिची माय न्हाई का?"